अशैक्षणिक कामांचं विमान

विमानांचं वेड लागलेल्या माणसांत एक पक्की उतरंड असते. सगळ्यात वर लढाऊ विमानांचे भक्त. स्पिटफायर, मस्टँग, मेसरश्मिट ही नावं ते एकेरीत घेतात आणि स्वतः मात्र स्कूटरच्या मागच्या सीटवर बसताना "जरा हळू घे रे" म्हणतात. त्यांच्या खाली बॉम्बफेकी विमानांचे भक्त. हे बहुधा हिशेबखात्यातले. किती टन, किती वेळा, किती गॅलन हे त्यांना तोंडपाठ. मग जेटवाले. डोक्यावरून सुखोई गेलं की चालू वाक्य अर्धं टाकून गच्चीकडे धावतात, आणि परत येतात तेव्हा वाक्य कुठं सोडलं होतं हे आपल्याला आठवावं लागतं.

या उतरंडीच्या तळाशी एक माणूस असतो. तो जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला प्राथमिक शिक्षक असतो, सगळं गाव त्याला गुरुजी म्हणतं, आणि दुसऱ्या महायुद्धातली शेकडो विमानं समोर असताना त्यानं नेमकं यू-२ निवडलेलं असतं. लाकडाचं, कापडाचं, दुपंखी, आणि जीव तोडून पळालं तरी ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास दमणारं. मुळात ते लढायला केलेलंच नाही. शिकाऊ वैमानिकांना धडे द्यायचे, एवढंच त्याचं काम. युद्ध आलं आणि सोव्हिएत लष्करानं त्याला निरोप्या केलं. गुरुजींना हेच का आवडलं, असं त्यांना विचारायचं नसतं. ते कारण सांगत नाहीत. ते विमानाचं सेवापुस्तक काढून बसतात.

गुरुजींचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. निवृत्तीला वर्षं झाली, लाल पेन सुटलेलं नाही. लग्नपत्रिका आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासलं जातं, मग मुहूर्त बघितला जातो. युद्धपट बघायला त्यांच्याशेजारी बसू नये. नायक मरत असतो, नायिका रडत असते, आणि गुरुजी पडद्याकडे बोट दाखवून म्हणतात, "हे १९४१ साल आहे ना? मग याला पो-२ कसं म्हणतात? नाव १९४४ साली बदललं. चूक!"

हे वेड गुरुजींना लागलं ते गुळगुळीत कागदाच्या सोव्हिएत मासिकांतून. त्या मासिकांनी एकेकाळी निम्म्या महाराष्ट्राच्या वह्यांना कव्हरं पुरवली. बाकीच्यांनी कव्हरं घातली, गुरुजींनी आतला मजकूर वाचला. तालुक्याला सोव्हिएत पुस्तकांचं प्रदर्शन भरायचं तेव्हा जाड पुठ्ठ्याची पुस्तकं भाजीच्या भावात मिळायची. इतर मास्तर गणिताची आणि गोष्टींची घेऊन परतायचे, गुरुजी विमानांची.

"यू-टू," असं गुरुजींनी म्हटलं की नवख्या माणसाचे डोळे चमकतात.

"हां हां, ते अमेरिकेचं हेरगिरीचं विमान! रशियानं १९६० साली पाडलं ते!"

"ते वेगळं," गुरुजी शांतपणे म्हणतात. "ते सत्तर हजार फुटांवरून जायचं. आपलं झाडाच्या शेंड्याला विचारून जायचं. बैस."

"बैस" म्हटल्यावर पुढचा तास गेला, हे गावातल्या लोकांना ठाऊक आहे. बिल द्यायला आलेला केबलवालासुद्धा चप्पल काढूनच आत येतो.

सेवापुस्तकाचं पहिलं पान १९२७ सालचं. सोव्हिएत हवाई दलाकडे तेव्हा शिकवायला यू-१ होतं, म्हणजे ब्रिटिश आव्रो विमानाची नक्कल. ते जुनं झालं होतं. नवं करायचं काम निकोलाय पोलिकारपोव्ह यांच्याकडे आलं. पहिला नमुना करताना काटकसरीवर भर होता. चारही पंख अगदी एकसारखे, कुठलाही काढून कुठंही बसवावा. सुट्या भागांचा खर्च वाचणार, कोठारात एकच माल ठेवायचा. कागदावर योजना उत्तम. प्रत्यक्षात विमान जड झालं आणि नीट उडेना.

इथं गुरुजी चष्मा काढतात. "काटकसरीचा जीआर निघाला की असंच होतं. सगळ्या शाळांना एकाच मापाचे बाक. पहिलीच्या पोराचे पाय लोंबकळतात आणि सातवीच्या पोराचे गुडघे हनुवटीला लागतात."

पोलिकारपोव्हनी आराखडा नव्यानं केला. जानेवारी १९२८ मध्ये मिखाईल ग्रोमोव्ह या नामवंत चाचणी वैमानिकानं सुधारलेलं विमान उडवलं आणि या वेळी जमलं. नाकावर श्वेत्सोव्ह यांचं एम-११ इंजिन, पाच नळकांडी, शंभर अश्वशक्ती. शिकाऊ पोरानं कसंही हाताळलं तरी सांभाळून घ्यायचं, असा त्या विमानाचा स्वभाव. चूक झाली तरी ते एकदम रुसायचं नाही. गावोगावच्या फ्लाइंग क्लबांतून वैमानिकांच्या पिढ्या त्याच्यावर घडल्या. दोस्तराष्ट्रांच्या बाजूनं शत्रूची सर्वाधिक विमानं पाडणारा इव्हान कोझेदूब, त्याचीही बाराखडी यू-२ वरच झाली.

"विद्यार्थी नाव काढतो," गुरुजी म्हणतात, "मास्तर त्याच वर्गात असतो."

पुढचं पान वाचताना त्यांचा आवाज खाली येतो. ऑक्टोबर १९२९ मध्ये पोलिकारपोव्हना अटक झाली, मृत्युदंड ठोठावला गेला, आणि तो अंमलात आणण्याऐवजी त्यांना तुरुंगातच विमानं काढायला बसवलं. कैदेत त्यांनी लढाऊ विमानावर काम केलं, १९३१ मध्ये सुटले. इकडे यू-२ मुलांना शिकवत राहिलं. जुलै १९४४ मध्ये पोलिकारपोव्ह वारले, आणि त्यानंतर त्यांच्या नावाची आद्याक्षरं विमानाला मिळाली. यू-२ चं पो-२ झालं.

"सन्मान झाला की शेवटी," मी एकदा म्हणालो.

"झाला," गुरुजी म्हणाले. "फाइल वर गेली की वेळ लागतोच."

पण गुरुजींचं खरं प्रेम आहे ते २२ जून १९४१ नंतरच्या पानांवर. जर्मन फौजा सोव्हिएत हद्दीत घुसल्या. टेलिफोनच्या तारा तुटल्या, बिनतारी संच पुरेसे नव्हते, आणि पाऊस पडला की रस्त्यांचा असा चिखल व्हायचा की मोटारसायकलवरचा निरोप्या निरोपासकट रुतून बसायचा. सेनापती एका गावात, त्याची डिव्हिजन भलत्याच गावात, आणि मधे कोण आहे, आपले की त्यांचे, हे दोघांनाही माहीत नाही. मग लक्ष गेलं शाळामास्तराकडे. यू-२ ला शे-दीडशे मीटरचं मोकळं रान मिळालं तरी पुरायचं. हिवाळ्यात चाकं काढून घसरपट्ट्या लावल्या की बर्फावर उतरायचं. गावच्या सुताराला समजेल असं लाकूड, शिंप्याला समजेल असं कापड. गोळी पंखातून आरपार गेली तर भोकावर ठिगळ लावून संध्याकाळी पुन्हा कामावर.

वैमानिकाच्या गुडघ्यावर नकाशा, समोर होकायंत्र, मागच्या खोबणीत एखादा अधिकारी किंवा सीलबंद पाकिटांची थैली. यंत्र सुरू करायचं म्हणजे मेकॅनिकनं हातानं पंखा फिरवायचा आणि वेळेवर बाजूला व्हायचं. मधे यू-२व्हीएस नावाचा लष्करी प्रकार निघाला. १९४३ मध्ये तर यू-२एसएचएस आलं. हे खास मुख्यालयाचं दूतविमान, धड रुंद केलेलं, मागे बंद केबिन, तीनचार साहेब आत ऐसपैस बसावेत म्हणून.

"म्हणजे बघ," गुरुजी म्हणतात, "साहेबांना वारा लागू नये म्हणून काच बसवली. वैमानिकाला पगार तोच."

मग कामांची यादी सुरू होते, आणि यादी वाचताना गुरुजींचा चेहरा खुलतो. शेतावर कीटकनाशक फवारणं हे काम तर यू-२ ला युद्धाआधीच लागलेलं होतं, त्यावरून सैनिक त्याला मक्याचं विमान म्हणायचे. त्यात भर पडत गेली. जखमी सैनिक आणायचे. एक धडात निजवायचा, पुढे पुढे खालच्या पंखांवर पेट्या बसवून त्यांतही निजवायचे. शत्रूच्या पिछाडीला जंगलात लढणाऱ्या गनिमांना औषधं, दारूगोळा, बॅटऱ्या पोचवायच्या. खाली पेटवलेल्या शेकोट्यांच्या मांडणीवरून आपले कोण ते ओळखून उतरायचं. तोफांचे गोळे कुठं पडतात ते वरून बघायचं. पत्रकं टाकायची. जर्मन खंदकांवर रात्री भोंगा लावून भाषणं करायची. आणि सगळं उरकून वेळ राहिलाच तर बॉम्ब टाकायचे.

यादी संपली की गुरुजी उठतात आणि कपाटातली एक जाड फाइल काढतात. वरची नाडी सुटलेली, कडा कुरतडलेल्या. आत त्यांचे स्वतःचे नेमणुकीचे आदेश आहेत. मतदान अधिकारी. मतदान केंद्राध्यक्ष. जनगणनेचा प्रगणक. मतदारयादीचा केंद्रस्तरीय अधिकारी. पल्स पोलिओ. साक्षरता अभियानाची प्रभातफेरी. शालेय पोषण आहाराची चव नोंदवही, रोजची सही, "खिचडी चांगली होती". गुड मॉर्निंग पथक, म्हणजे पहाटे हातात टॉर्च घेऊन गावाबाहेर उघड्यावर बसलेल्यांना उठवायला जायचं. त्या पथकात असताना एका माजी विद्यार्थ्यानं अंधारातूनच "नमस्कार, गुरुजी" म्हटलं होतं. काय उत्तर द्यावं हे आदेशात लिहिलेलं नव्हतं.

"शिक्षण हक्क कायदा, २००९," गुरुजी बोट उचलतात, "कलम सत्तावीस. जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका एवढं सोडून शिक्षकाला कुठलंही अशैक्षणिक काम लावता येणार नाही. आला तेव्हा मी तो कायदा दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचायला घेतला तेवढ्यात पोषण आहाराच्या मीटिंगचं बोलावणं आलं."

आता कळलं ना, विमान का आवडलं ते? पण गुरुजी दोन गोष्टी कधी जोडत नाहीत. फाइल कपाटात जाते, विमानाचं चित्र टेबलावर राहतं.

त्यांचा सगळ्यात आवडता प्रसंग चुइकोव्हचा. वसिली चुइकोव्ह म्हणजे पुढे स्टॅलिनग्राडमध्ये ६२ व्या सैन्याचं नेतृत्व केलेले सेनापती. जुलै १९४२ मध्ये डॉन नदीच्या माळरानावर आपल्या फौजा नेमक्या कुठं आहेत ते बघायला ते यू-२ मधून निघाले होते. गुरुजी हा प्रसंग सांगायला लागणार हे काकूंना आधी कळतं. "त्या जुलै महिन्यात..." एवढं कानावर पडलं की काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन टीपॉयवरचे कप आणि पाण्याचा तांब्या उचलून नेतात. कारण आता गुरुजींचा उजवा तळवा म्हणजे यू-२ आणि डावी मूठ म्हणजे जर्मन युंकर्स-८८ होणार असते.

"वरून युंकर्स आलं. दोन इंजिनांचं. आपल्याकडे काय? पाच नळकांडी. वैमानिकानं काय केलं? खाली!" उजवा तळवा टीपॉयच्या काचेवरून बोटभर उंचीनं सरपटतो. "ते सूर मारतं, हा वळतो. ते पुढे निघून जातं, फिरून येतं, हा पुन्हा वळतो. त्याला वेग आवरेना, याला वेगच नाही. सापडणार कसा?" डावी मूठ पुन्हा पुन्हा झेपावते. तळवा पेपरच्या आडून, चष्म्याच्या घराला वळसा घालून, अडकित्त्याच्या मागून निसटतो. अखेर टेकला. "जमिनीला धडकलं. मधोमध दोन तुकडे!"

"आणि जनरल?"

"कपाळाला टेंगूळ." गुरुजी समाधानानं मागे टेकतात. "विमानाचे दोन तुकडे, साहेबांना टेंगूळ. पोचवलं का? पोचवलं. युंकर्सवाल्याला वाटलं, काम झालं. गेला निघून."

काकू कप परत आणून ठेवतात. "झालं का उतरून?" असं विचारतात, आणि चहा गाळायला जातात.

कार्यानुभवाच्या तासाला ज्यांनी आयुष्यभर टाकाऊतून टिकाऊ करून घेतलं, त्यांना बाजारचं प्लॅस्टिकचं मॉडेल चालणार नाही हे उघड आहे. गुरुजींचं यू-२ घरी होतं. पंखांच्या फासळ्या खराट्याच्या हिरांच्या. वरच्या आणि खालच्या पंखांमधले खांब उदबत्तीच्या काड्यांचे, उदबत्ती संपल्यावरच. देवापुढची अर्धी विझवली म्हणून एकदा झालं ते पुरे झालं. अंगावर पतंगाचा कागद. चाकांना काकूंच्या जुन्या कोटाची बटणं. पंखा आइस्क्रीमच्या काडीचा, ब्लेडनं तासून पीळ दिलेला. नाकावर पाच बॉलपेनांची टोपणं गोलाकार चिकटवली की एम-११ इंजिन तयार.

खरी परीक्षा तारांची. दुपंखी विमानाचे पंख ताणलेल्या तारांनी जागेवर राहतात. लढाऊ विमानांचे भक्त दुपंखी मॉडेलच्या वाटेला का जात नाहीत, ते इथं कळतं. गुरुजी काकूंच्या शिवणाच्या डब्यातला राखाडी दोरा घेतात, त्याला मेण ओढतात, सुईत ओवतात आणि वरच्या पंखातून खालच्या पंखात, तिथून तिरका परत वर, असं शिवत जातात. एक दोरा ताणला की समोरचा ढिला पडतो. तो ताणला की पंख डावीकडे झुकतो. झुकलेला पंख सरळ केला की उदबत्तीची काडी निसटते. श्वास रोखून धरलेला असतो. जिभेचं टोक बाहेर. खोलीत पंखा लावायची बंदी.

"माझ्या ब्लाउजला हूक लावायला दोरा नाही घरात," काकू दारातून.

"अगं, सोळा तारा आहेत. पंधरा लावून कसं चालेल?"

"मग उडणार आहे का ते?"

गुरुजी मान वर न करता म्हणतात, "निकालावर जाऊ नये. प्रयत्न बघावा." त्यांच्या वर्गातल्या प्रत्येक नापास पोराच्या आईनं हे वाक्य ऐकलेलं आहे.

गुरुजींना एक प्रतिस्पर्धी आहे. ते एकेकाळचे शिक्षण विस्तार अधिकारी, आता शेजारच्या गल्लीत राहणारे निवृत्त साहेब. साहेबांचं दैवत म्हणजे जर्मनांचं फीसेलर श्टॉर्ख. तेही दूतविमानच, पण त्याच कामासाठी खास घडवलेलं, वर बसवलेला एकच लांब पंख, तिन्ही बाजूंनी काचा. महिन्यातून एकदा साहेब चहाला येतात आणि जुनी तपासणी सुरू होते.

"रोमेल श्टॉर्खमधून वाळवंटावर फिरायचा, गुरुजी. आणि मुसोलिनीला ग्रान सास्सोच्या डोंगरावरून कशानं सोडवून आणलं? १२ सप्टेंबर १९४३. तेवढ्याशा माळावरून उचललं!"

"उचललं," गुरुजी मान्य करतात. "उतरतंही छान. ते थेट भरतीचं, साहेब. अधिकारी म्हणूनच रुजू झालेलं. किती बनवली?"

"तीन हजारांच्या घरात."

"आमची वीस हजारांच्या पुढे गेली. आणि तुमच्यानं एक मुसोलिनी आणला त्याचं केवढं कौतुक! आमच्यानं रोज रात्री दोन-दोन जखमी आणले, त्यांची नावं कोणी लिहून ठेवली?"

साहेब चहात बिस्किट बुडवतात. गुरुजी मग तो पत्ता टाकतात जो ते दर वेळी शेवटी टाकतात. यू-२ नी रात्री बॉम्ब टाकून जर्मनांची झोप इतकी उडवली की जर्मन हवाई दलानंही तीच युक्ती उचलली. आणि त्यासाठी विमानं कुठली काढली? गोथा-१४५ आणि आराडो-६६. दोन्ही दुपंखी, दोन्ही शिकाऊ वैमानिकांची.

"साहेब," गुरुजी अगदी मृदू आवाजात म्हणतात, "शेवटी तुमच्याही मास्तरांना ड्यूटी लागलीच."

हल्ली मोबाइलवर व्हिडिओ बघून कॉलेजची पोरं येतात. "गुरुजी, नाइट विचेसचं सांगा ना!" गुरुजींच्या कपाळाला आठी पडते. या विमानाबद्दल जगाला माहीत असलेली ही एकमेव गोष्ट, आणि तीही जर्मनांनी ठेवलेल्या नावानं. "चेटकिणी म्हणणारे शत्रू होते. आपण नावं घ्यावीत," म्हणून ते हजेरी घेतात. मारिना रास्कोवा, जिच्या पुढाकारानं स्त्रियांच्या तुकड्या उभ्या राहिल्या. येव्दोकिया बेर्शान्स्काया, ५८८ व्या रात्रीच्या बॉम्बफेकी रेजिमेंटची प्रमुख. इरिना सेब्रोवा. नाद्येझ्दा पोपोवा. येव्गेनिया रुद्नेवा, मॉस्को विद्यापीठात खगोलशास्त्र शिकणारी, जी विमानात बसून दिशा सांगायची आणि एप्रिल १९४४ मध्ये विमानासकट गेली. पायलटपासून मेकॅनिकपर्यंत सगळ्या स्त्रिया. १९४२ च्या उन्हाळ्यात सुरुवात, युद्ध संपेपर्यंत तेवीस हजारांहून जास्त उड्डाणं, एकाच रात्री अनेक फेऱ्या. लक्ष्याजवळ आलं की इंजिन मंद करायचं आणि तरंगत जायचं. खाली ऐकू येते ती फक्त तारांमधून जाणारी वाऱ्याची शीळ. बराच काळ पॅराशूटही बरोबर नसायचं.

"तेवीस जणींना सोव्हिएत संघाचा वीर हा किताब मिळाला," गुरुजी सांगतात. पोरं मोबाइल खिशात ठेवतात. गुरुजींच्या वर्गात एवढी शांतता नेहमी नसायची.

"आणि जर्मन लढाऊ विमानं काय करत होती?" एखादा विचारतो.

इथं गुरुजी पुन्हा खुलतात. जर्मन विमानं वेगवान, हीच त्यांची पंचाईत. यू-२ ज्या वेगानं आरामात उडायचं, त्या वेगाला उतरलं तर मेसरश्मिट हवेत टिकायचंच नाही. पाठलाग करणारा दर वेळी पुढे निघून जायचा. ही खोड कोरियाच्या युद्धातही कामी आली. उत्तर कोरियाची पो-२ रात्री यायची. जून १९५१ मध्ये सुवॉनच्या तळावर त्यांनी जमिनीवरचं एक सेबर जेट नष्ट केलं आणि आणखी काही जायबंदी केली. १९५३ मध्ये एका अमेरिकन एफ-९४ जेटनं त्याला पकडायला वेग कमी केला, आणखी कमी केला, आणि स्वतःच कोसळलं.

"त्याला वाटलं, एवढं हळू कोणी मुद्दाम जात नाही," गुरुजी म्हणतात. "आमच्या वर्गात येणाऱ्या प्रत्येक साहेबाला हेच वाटायचं. एवढा वेळ एका बेरजेवर का? अहो, शेवटच्या बाकावरचा पोचायचाय अजून."

नाटो संघटनेनं सगळ्या सोव्हिएत विमानांना सांकेतिक नावं दिली. कुणाला थेट अस्वलाचं. पो-२ ला 'म्यूल' मिळालं, म्हणजे खेचर. गुरुजींना याचा राग येईल असं वाटून मी ही माहिती जपून सांगितली. ते खूश झाले. "ओझं कोण वाहतं हे शत्रूला बरोबर कळतं," म्हणाले, आणि निळ्या पेनानं वहीत टिपून घेतलं. लाल पेन लागलं नाही.

गुरुजी गावात एकटे नाहीत. प्रत्येक तालुक्यात यांचा एक नमुना असतो. कुणी विमानांचा, कुणी जुन्या एसटी गाड्यांचा, कुणी तार खात्याच्या यंत्रांचा. ज्याचं कौतुक कुणी करत नाही अशा कामाच्या वस्तूला हे लोक शोधून काढतात आणि तिचं वकीलपत्र घेतात. त्यांच्याशी वाद घालू नये. जिंकता येत नाही, कारण आकडे त्यांच्याकडे असतात. फार तर एक प्रश्न विचारावा, "आता कुठं उडतं का हो ते?" मग गुरुजी सांगतील की इंग्लंडात ओल्ड वॉर्डनला शटलवर्थ संग्रहात एक पो-२ अजून उडवतात, आणि मॉस्कोजवळ मोनिनोच्या संग्रहालयात एक ठेवलेलं आहे. पासपोर्ट त्यांनी काढलेला नाही. छायाचित्रं मात्र फाइलमध्ये आहेत, आणि ती फाइल निवडणूक आदेशांच्या फाइलपेक्षा जाड आहे.

गुरुजींच्या विमानाचं एकूण मूल्यमापन करायचं तर असं: शिकवायला ठेवलेल्याला दुसरी कामं लावली तर तो ती करतो, बहुतेकदा लावणाऱ्याच्या अपेक्षेपेक्षा बरी करतो, आणि म्हणूनच ती त्याला पुन्हा लावली जातात. सोव्हिएत संघाकडे निदान कारण होतं, त्यांच्यावर युद्ध चालून आलं होतं. आपल्याकडे वर्गावरचा मास्तर बाहेर काढायला एक परिपत्रक पुरतं. आता जनगणना आहे. दारात हातात यादी घेतलेले गुरुजी किंवा बाई आल्या तर त्यांना खुर्ची द्या, पाणी द्या आणि माहिती खरी सांगा. ते वर्ग सोडून आलेले असतात.